गोठ्यातल्या झोळ्या

त्र्याहत्तर साली संक्रांत झाली आणि गोठणवाडीच्या शाळेतल्या पोरी एकेक करून दिसेनाशा झाल्या. पोरं येत होती, दंगा करत होती, गुरुजींचा मार खात होती. पोरी मात्र घरी. कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं, म्हणून ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आदल्या पावसाळ्यात पाऊस दडी मारून बसलेला. घोड नदीच्या वाळूत झरे उकरून बाया वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. अशात गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि घरोघरची धडधाकट माणसं तिकडं लागली. पाटलाच्या सुना आणि बौद्धवाडीतल्या बाया एकाच खडीच्या ढिगाशी बसून हातोडे मारू लागल्या. मग घरातलं तान्हं कुणी बघायचं? थोरल्या पोरीनं. त्यात विचार करण्यासारखं कुणाला काही वाटलंही नाही.

अंजनाला वाटलं. तिची विशाखा चौथीत होती आणि धाकटा गौतम नुकता रांगायला लागला होता. नवरा चांगदेव दौंडला रेल्वेत गँगमन. आठवड्याच्या सुट्टीला येणार आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार. सासू मागंच वारलेली. घरात चौथं माणूस नव्हतं.

"दुसऱ्यांच्या पोरी बसल्या म्हणून माझी बसणार न्हाई," असं म्हणून पहिल्या दिवशी तिनं गौतमला कामावर नेलं. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, पोर आत टाकलं आणि हातोडा उचलला. दुपारी खडीची एक कपची उडाली ती नेमकी पोराच्या कपाळाला लागली. जखम बोटाच्या नखाएवढी, पण रक्त डोळ्यात उतरलं आणि पोरानं तलाव डोक्यावर घेतला. मुकादम धावत आला.

"बाई, डोळा गेला असता म्हंजी? पोर हितं आणायचं न्हाई. माझ्या गळ्यात येईल."

त्या संध्याकाळी विशाखाच म्हणाली, "आई, मी नेते त्याला शाळंत. बसंल माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी ती भावाला कडेवर घेऊन आणि दप्तर खांद्याला अडकवून शाळेत गेली. दिवस मावळताना अंजना घरी आली तर पोरगी उंबऱ्यावर बसलेली. दप्तर अजून खांद्यालाच होतं.

"काय झालं गं?"

"त्यानं खडू खाल्ला. मग तिसरीच्या पाट्यांवर मुतला." विशाखाला हसू येत होतं आणि रडूही. "गुरुजी म्हणाले, ही शाळा हाय का पाळणा? घरी जा."

अंजना आत गेली. तिनं चूल पेटवली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली. तव्यावर टाकलेली भाकरी करपून धूर निघाला तरी तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी कामाला जायच्या आधी ती शाळेत गेली. आनंदराव गुरुजी दौंडकडचे, खुटबावचे. उंच, किडकिडीत, सदा घाईत. दुसऱ्या मास्तरांना दुष्काळी कामावर हजेरी लिहायला पाठवल्यापासून पहिली ते चौथी हा एकटाच माणूस ओढत होता. अंजनाला दारात बघून त्यांनी ओळखलं ती कशाला आली.

"अंजनाबाई, राग मानू नका. चार वर्ग, एक खोली आणि एक मी. तुमचं पोर एकटं असतं तर घेतलं असतं मांडीवर. पण आज तुमचं, उद्या दहा येतील."

"दहा यावात असंच वाटतंय मला."

"काय? तान्ही?"

"पोरी."

 गुरुजींनी खोलीच्या डाव्या भिंतीकडं बघितलं. तिथं पोरींची रांग असायची. आता नुसतं गोणपाट अंथरलेलं होतं आणि त्याच्या टोकाला पहिलीतल्या दोन चिमुरड्या बसल्या होत्या.

"मलाही वाटतं," ते हळूच म्हणाले. "रोज हजेरी घेताना नावं वाचतो. कुणी ओ देत नाही. घरोघर जाऊन आलो मी. सगळे म्हणतात, तान्ह्याचं काय करू ते सांगा. मी काय सांगू?"

"तान्ह्यांचं मी बघते. तुम्ही पोरींचं बघा."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. कसं बघणार, कुठं, कुणाच्या भरवशावर, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. पण शब्द गेला होता.

"शाळेच्या जवळ कुठं तरी बघा," गुरुजी म्हणाले. "मधल्या सुट्टीत पोरी जाऊन भावंडांना बघून येतील. वेळ थोडा मागंपुढं झाला तर मी ओरडणार नाही. माझ्याकडून तेवढं."

दुपारी भाकरी खायला बाया बाभळीच्या विरळ सावलीला बसल्या तेव्हा अंजनानं विषय काढला. पाटलाची सून रंभा समोरच बसली होती, डोक्यावरच्या पदरावर खडीची पांढरी भुकटी. तिची थोरली चांगुणा विशाखाच्याच वर्गात. तीही बसली होती घरी, भावाला आंदुळत.

"माझी चांगुणा काय कलेक्टर व्हायची हाय व्हय?" रंभा म्हणाली, आणि बाया हसल्या.

"माझीपण न्हाई व्हायची," अंजना म्हणाली. "मी दुसरीत व्हते. 'कमल, नमन कर' वाचाया यायचं मला. मग भाऊ झाला आन् आईनं मला घरी बसवलं. त्याला खेळवायला. तो भाऊ आता पुण्यात नोकरीला हाय. दिवाळीला आला तर म्हणतो, आक्का, तुला सहीसुदिक येत न्हाई का गं?"

कुणी हसलं नाही.

"मी त्याला काय म्हणू? तुझ्यापायी येत न्हाई म्हणू?" तिनं एकेकीकडं बघितलं. "पाठच्या भावापायी शाळा सुटली न्हाई अशी हाय का हितं कुणी? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एक-दोघी तर शाळेतच गेल्या नव्हत्या. रंभानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून बसली.

"जागा पायजे तुला," ती म्हणाली. "आमचा गोठा शाळंच्या मागं हाय. गुरं छावणीला गेल्यापास्नं मोकळाच पडलाय. पण सासूबाईंना कोण इचारणार? मी न्हाई बाबा."

"मी इचारते."

साळूबाई पाटलीण म्हणजे सरळ बोलणं ठाऊक नसलेली बाई. गुडघे धरलेले, त्यामुळं कामावर जाता येत नव्हतं. ती सगळी चीड जिभेवर उतरलेली. तिचा लेक, रंभाचा नवरा मारुतराव, गुरं घेऊन चारा-छावणीला राहिला होता. गोठ्यात शेण नाही, वैरण नाही, तरी म्हातारी रोज सकाळी काठी टेकत जायची आणि रिकामा गोठा झाडून काढायची. अंजना गेली तेव्हा ती गोठ्याच्या दारातच बसली होती. आत चांगुणा भावाच्या झोळीला झोका देत होती. हौश्या त्याचं नाव, दीड वर्षाचा, हाताबाहेर गेलेला.

अंजनानं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, मग डोळे बारीक केले.

"पोरं कुणाकुणाची?"

"ज्यांच्या थोरल्या पोरी शाळंत जायच्या, त्यांची."

"तसं न्हाई इचारलं मी."

"तुम्ही काय इचारलं ते कळलं मला, पाटलीणबाई."

 साळूबाई काठीनं पलीकडचं टोक दाखवत म्हणाली, "तुमच्यातली पोरं त्या तिकडच्या टोकाला बांधा. तुमची म्हातारी कुशी येऊ दे, ती बघंल त्यांच्याकडं. हिकडची मी बघीन. जा, दिला गोठा."

अंजनाला हो म्हणता आलं असतं. गोठा मोठा होता, वारा खेळता होता, शाळेतला गलका इथं ऐकू येत होता. हो म्हटलं की उद्यापासून विशाखा वर्गात. पण तिच्या जिभेला तो शब्द उचलवेना.

"तसं नको."

"मग बस घरी."

"घरी बसाया न्हाई आले मी. तुमची चांगुणा आन् माझी विशाखा शाळंत एका गोणपाटावर बसत्यात. चौथीपतुर बसल्या. तवा तुम्ही काय बोलला न्हाई. मग त्यांच्या भावांना दोन टोकं कशापायी?"

"शाळा सरकारची हाय. गोठा माझा हाय."

 अंजना उठली. वळताना तिला दिसलं की चांगुणाचा झोका थांबला आहे आणि पोरगी आपल्याकडं टक लावून बघते आहे.

त्या रात्री तिला वाईट वाटलं, पण सकाळी ती वाट बघत बसली नाही. बौद्धवाडीच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड होतं. शाळेपासून लांब, पण सावली दाट. कुशाबाई शेजारीच राहायची. कधीकाळी बैलानं ढुशी मारली तेव्हापासून ती कंबरेतून वाकून चालायची, पण हातांना वय लागलं नव्हतं. वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मलेली.

"कुशाआत्या, चार पोरं सांभाळशील?"

"चार? मी तुमचं बाप सांभाळल्यात," कुशाबाई म्हणाली. "आण हिकडं."

लिंबाच्या फांद्यांना झोळ्या लागल्या. कामावर सुकडी, म्हणजे भाजल्या पिठाचा गोड चुरा, मिळायची, त्यातली मूठभर प्रत्येक आई कुशाबाईसाठी आणि पोरांसाठी ठेवायची. बौद्धवाडीतल्या पोरी शाळेत जाऊ लागल्या. गुरुजींनी हजेरी घेताना विशाखाचं नाव वाचलं, तिनं "हजर" म्हटलं, आणि ते म्हणे चष्मा पुसत बसले. हे विशाखानंच घरी येऊन नक्कल करून दाखवलं.

पाटलाच्या गोठ्यावरून शाळेत जाणाऱ्या या पोरी चांगुणाला रोज दिसत होत्या.

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. बाया शिरूरच्या बाजाराला गेल्या होत्या. शाळा चालू होती. अंजना बाजाराला गेली नव्हती. लिंबाखाली गौतमला भरवत होती. तेवढ्यात चांगुणा आली. कडेवर हौश्या, पाठीला दप्तर, धापा टाकत, चेहरा लालबुंद. तिनं हौश्याला कुशाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"आजीला सांगू नका," एवढंच म्हणाली आणि शाळेकडं पळत सुटली.

"आगं पोरी!" कुशाबाई ओरडली. पण पोरगी ओढ्यापलीकडं गेली होती. हौश्यानं भोकाड पसरायला तोंड उघडलं, त्यात कुशाबाईनं सुकडी घातली. तोंड मिटलं.

"आता गं?" कुशाबाई म्हणाली. "पाटलाचं प्वार. म्हातारी चामडी सोलंल."

 पोराला परत नेऊन द्यावं, हे शहाणपणाचं. अंजनानं उठायचं ठरवलंही. पण धावणारी ती पोरगी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"राहू दे," ती म्हणाली. "शाळा सुटंपर्यंत राहू दे. काय व्हायचं ते माझ्यावर."

शाळा सुटायची वेळ आलीच नाही. मधली सुट्टी व्हायच्या आत काठीचा आवाज आला. साळूबाई पाटलीण गुडघे ओढत बौद्धवाडीची वाट चढत होती. आयुष्यात ती या वाटेला आली नव्हती. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी पोरांना आत ओढलं.

म्हातारी लिंबाजवळ येऊन थांबली. नातू कुशाबाईच्या मांडीवर होता. गालभर, नाकभर, केसांपर्यंत सुकडी फासलेली. कुशाबाईचं बोट चोखत होता.

 अंजना पुढं झाली. "पाटलीणबाई, चांगुणाला काय बोलू नका. प्वार मी ठिऊन घेतलं."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती धापा टाकत होती, गुडघा चोळत होती. कुशाबाईनं मान वर केली. लहानपणी तिनं पाटलाच्या खळ्यावर कणसं वेचली होती. या बाईला ती नवी नवरी होती तेव्हापासून बघत आली होती.

"बस की साळूबाई. पाय दुखत्यात तुझं."

"हितं?"

"मग कुठं, सरगात?"

लिंबाच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं, गावाच्या दिशेला बघितलं, मग काठीवर भार देत हळूहळू खाली बसली. हात पुढं केले. "ये रं हौश्या." हौश्यानं मान फिरवली आणि कुशाबाईचं बोट आणखी घट्ट धरलं.

 मग साळूबाई कुणाला उद्देशून नाही अशी बोलली, "हितनं शाळा लांब पडती. फाल्गुनातलं ऊन हाय पुढं. मधल्या सुट्टीत पोरींना हितवर यायला जमायचं न्हाई."

अंजनानं गौतमला कडेवर घेतलं.

"गोठा मी रोज झाडते. सोमवारपास्नं तिकडं आणा."

"सगळी?"

"आणा म्हणले, म्हंजी सगळीच."

अंजनाचं मन म्हणत होतं, आता पुढं बोलू नको, मिळालंय ते घे. पण तिला पक्कं करूनच घ्यायचं होतं. "आन् दोन टोकं?"

म्हातारीनं पहिल्यांदा तिच्याकडं रोखून बघितलं. "लई त्वांडाळ हायेस तू अंजने."

"व्हय."

"कुशे," साळूबाई वळून म्हणाली, "येताना दोर आण. आमचं दोर गुरांबरोबर गेल्यात. झोळ्या बांधायच्या कशानं?"

सोमवारी गोठ्याच्या तुळईला ओळीनं झोळ्या लागल्या. जसजशी पोरं येत गेली तसतशी झोळी बांधली, म्हणून हौश्याच्या शेजारी गौतम आला आणि गौतमच्या शेजारी कोष्ट्याचं पोर. रांगती पोरं गव्हाणीत सोडलेली. गव्हाण उंच, त्यामुळं बाहेर पडायची भीती नाही. मधल्या सुट्टीत पोरींचा लोंढा यायचा, आपापल्या भावंडाला पाणी पाजून, ढुंगण धुऊन परत पळायचा.

पहिले काही दिवस साळूबाईचा तांब्या निराळा राहिला. कोनाड्यात, पालथा. पुढं पोरांच्या धबडग्यात कुणी कुणाचा तांब्या उचलला याला धरबंद राहिला नाही. गोठ्यात तरी नाही. गोठ्याबाहेर गाव होतं तसंच होतं, आणि वरच्या आळीतल्या दोन घरांनी आपली पोरं शेवटपर्यंत पाठवली नाहीत. त्या घरच्या पोरीही शाळेत आल्या नाहीत. अंजना त्या दोन्ही घरी जाऊन आली, पुन्हा गेली. एकीनं दार लावून घेतलं.

मग मारुतराव छावणीवरून आला. गावात शिरेपर्यंत त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. तो तडक गोठ्यात आला तेव्हा दिवस कलला होता, बाया कामावरून परतून आपापली पोरं उचलत होत्या. अंजना गौतमला झोळीतून काढत होती.

"आई, हे काय मांडलंय? लोकं काय म्हणत्यात ऐकलंस का? तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस गावात."

साळूबाई काही बोलायच्या आत रंभा पुढं झाली. नवऱ्यासमोर चारचौघांत ती कधी बोलत नसे. केस भुकटीनं पांढरे, तळहाताला चिंध्या गुंडाळलेल्या.

"तोंड ऱ्हाऊ द्या. हात दाखवा," ती म्हणाली. "ह्यो दोर सैल झालाय. प्वार पडंल. आवळून द्या."

 बाया पोरं कडेवर घेऊन जागच्या जागी थांबल्या. अंजनाला वाटलं, आता हा झोळ्या ओढून फेकणार. ती गौतमला घट्ट धरून तिथंच उभी राहिली. फेकल्या तर पुन्हा बांधू, असं मनाशी म्हणत. मारुतरावानं आईकडं बघितलं, बायकोच्या हातांकडं बघितलं. मग गव्हाणीवर पाय देऊन वर चढला, दोर सोडला आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी पक्की गाठ मारली. खाली उतरला आणि निघून गेला.

मार्चात सकाळची शाळा सुरू झाली. पोरी मागं पडल्या होत्या. गुरुजी शाळा भरायच्या आधी त्यांना बोलावून घ्यायचे. एका संध्याकाळी ते गोठ्यात आले आणि बायांना म्हणाले, "मी दिवसभर शिकवतो. पण घरी गेल्यावर ते कुणी विचारलं नाही तर सकाळपर्यंत उडून जातं."

"आमाला कुठं वाचता येतंय गुरुजी?" रंभा म्हणाली.

"वाचायचं नाही. विचारायचं. आज काय शिकलीस, मला सांग. हातातलं काम चालू ठेवा, पण कान तिच्याकडं द्या. नाही कळलं तर पुन्हा विचारा. तुम्हाला समजावताना तिला समजेल."

अंजनानं ते मनावर घेतलं. भाकरी थापता थापता ती विचारायची. विशाखा चुलीसमोर बसून राखेत काडीनं नद्या काढायची.

"ही घोड. आपल्या मागची. ही जाती आन् भीमेला मिळती."

"आन् भीमा?"

"भीमा दौंडावरनं जाती."

अंजनाचा हात थांबला. "म्हंजी आपलं पाणी तुझ्या बापाकडं जातं?"

"व्हय. पण आता पाणीच न्हाई."

"येईल," अंजना म्हणाली. "पुढं सांग."

पाढे तिला पाठ नव्हते, पण पोरगी कुठं अडखळते ते तिला ऐकू यायचं. अडखळली की ती म्हणायची, "परत." चांगदेव सुट्टीला आला की शुद्धलेखन त्याच्याकडं. तो चौथी झालेला. दौंडच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांवर जे काही लिहिलेलं असेल ते तो पाठ करून यायचा आणि लेकीला लिहायला लावायचा. शुद्ध किती असायचं देव जाणे, पण पोरीचं अक्षर सुधारलं.

एप्रिलात निकाल लागला. विशाखा पास झाली. तिला गणितात चांगले गुण मिळाले. चांगुणा नापास झाली. रंभा गोठ्यात बसून डोळे पुसत म्हणाली, "एवढं करून ह्येच. जाऊ द्या, बसू दे आता घरी. तिच्या नशिबात न्हाई."

अंजनाला वाटलं, आपली पास झालेली, दुसरीला धीर देणं उगाच दिसतं. बोलली ती साळूबाई.

"कुणाच्या नशिबात न्हाई? दीड महिना तिला झोका द्यायला कुणी बसवली? मी. तो दीड महिना कुणी भरून द्यायचा? परत बसंल ती चौथीत. आन् औंदा तिला एक दिवस घरी ठेवलीस तर माझ्याशी गाठ हाय."

चांगुणा खांबाआड उभी राहून ऐकत होती. विशाखानं तिचा हात धरला आणि दोघी बाहेर पळाल्या.

पुढं पावसाळा लागला, कुरणात गवत उगवलं, छावण्या मोडल्या. हाडं वर आलेली गुरं गोठ्यात परत आली. मारुतरावानं कुणाला न दुखवता सांगितलं, "आता जागा लागंल." त्याचं काही चुकत नव्हतं. पण बाया आता खुरपणीला जायच्या होत्या आणि तान्ही तान्हीच होती. शाळेत परतलेल्या पोरी पुन्हा घरी बसणार हे अंजनाला दिसायला लागलं.

ती, रंभा आणि कुशाबाई पंचायतीत गेल्या. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती, तिथं एक खोली मागितली. पंच म्हणाले, "बघू." पुढच्या वेळी गेल्या तेव्हाही "बघू" म्हणाले.

बाहेर आल्यावर रंभा म्हणाली, "ह्यांचं बघणं काय सरायचं न्हाई."

"जागा तर नगं म्हणले न्हाईत?" अंजना म्हणाली.

"न्हाई."

"मग दगड आपण आणू. सबंध उन्हाळा दुसरं काय केलं आपण? दगड कसा फुटतो ते कुणी शिकवायला नगं आपल्याला."

नदीकाठचा दगड डोक्यावर वाहायला बायांनी सुरुवात केली. खुरपणीवरून येताना एक, पाणी आणायला जाताना एक. गुरुजींनी सुट्टीच्या दिवशी धोतराचा काचा मारून पाया खणला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हात वर करून फळ्यावर लिहिता येईना. मारुतरावानं न सांगता गाडी जुंपून आणली. बैल अजून अशक्त होते, म्हणून अर्धीच भरली. चांगदेव रजा काढून आला. गवंडी नव्हताच कुणी, त्यामुळं मागची भिंत थोडी कललेली निघाली. ती पुन्हा उतरवावी लागली, आणि त्यात दोन दिवस भांडणं झाली.

विशाखाची पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं, इनामगावला होती, आणि ओढ्याच्या पाण्यानं तिचं जाणं लांबलं होतं. पहिल्या दिवशी अंजना तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. बरोबर बौद्धवाडीतल्या आणखी दोघी होत्या, दप्तरं पोटाशी धरून. चिखलातून चपला हातात घेऊन तिघी पलीकडं गेल्या, आणि विशाखानं एकदाच मागं वळून बघितलं.

अंजना परत आली तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती. साळूबाई बाजूला दगडावर बसून सगळ्यांच्या चुका काढत होती. गव्हाणीऐवजी आता एका फाटक्या ताडपत्रीखाली पोरं ठेवली होती, आणि कुशाबाई त्यांच्या मध्ये बसली होती. आभाळ पश्चिमेला काळं होत चाललं होतं.

"पाऊस येतोय गं," रंभा म्हणाली. "आज थांबायचं का?"

अंजनानं आभाळाकडं बघितलं. पदर कमरेला खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दगडाला हात घातला.

"आला की थांबू," ती म्हणाली. "तवर दोन थर व्हत्याल. लाव हात."